हळदीला हाक, वेलीला जाब

कर्नाळ्याच्या सुळक्याखाली, मुंबई-गोवा महामार्गाच्या दोन्ही अंगांना जी आगरी गावं आहेत, तिथल्या हळदीच्या रात्रीचे दोन भाग असतात. दुसरा भाग साऱ्या पनवेल तालुक्याला ठाऊक आहे, कारण तो ऐकावाच लागतो: डीजे, भिंतीएवढे स्पीकर, आगरी-कोळी गाण्यांचे रिमिक्स आणि उशिरापर्यंत नाच. पहिला भाग त्याच्या आधी मांडवाच्या एका कोपऱ्यात होतो आणि त्याचा आवाज मांडवाबाहेर फारसा जात नाही. पाटावर नवरी, समोर हळदीची वाटी, तांदूळ, सुपारी, दिवा. बाजूला मांडी घालून बसलेली एक वयस्क बाई आणि तिला धरून बसलेल्या चार-सहा जणी. ही धवलारीण. ती गाते तो धवला.

धवल्याचं रसग्रहण करायला बसलं की पहिली अडचण आपल्या सवयीची येते. कविता हाती आली की आपण ओळी वेचतो. प्रतिमा कुठे आहे, कलाटणी कुठे आहे, शेवट कसा साधलाय, ते बघतो. धवला वहीत उतरवून घेतला आणि या नजरेनं वाचला तर हाताला फारसं काही लागत नाही. कुणाला बोलावलं, कोण आलं, काय आणलं, आता पुढे काय करायचं. आधी देव, मग नाती, मग वस्तू. चाल तीच, नाव तेवढं बदलतं. एखाद्या मुलानं शाळेत अशी कविता लिहून नेली तर मास्तर म्हणतील, बाळ, ही यादी झाली.

यादीच आहे ती. पण ती वाचायची नसते, पुरी करायची असते. एका हळदीला मी त्या घोळक्याच्या मागे बसले होते. गाण्यात मामाचं नाव आलं आणि मामा मांडवाबाहेर फोनवर बोलत उभा. धवलारीण पुढे गेली नाही. तीच ओळ तिनं पुन्हा घेतली, बाकीच्या जणींनी पुन्हा झेलली, आणि पुन्हा, आणि परत पुन्हा. आवाज चढवला नाही, कुणाला हाक मारायला पाठवलं नाही, कपाळाला आठी नाही. शेवटी कुणीतरी मामाला कोपरानं ढोसलं, तो लगबगीनं आत आला, हळदीला बोट लावलं आणि गाणं पुढच्या नावावर सरकलं. कागदावर उतरवलेल्या धवल्यात ही ओळ एकदाच येणार. त्या दिवशी ती जितक्यांदा यायला हवी होती तितक्यांदा आली. कविता म्हणून ही रचना ढिली वाटते, कारण तिच्यात माणसांना उशीर करायला जागा ठेवलेली आहे.

मला धवल्याचा खरा रस या थांबण्यात वाटतो. गाणं प्रसंगाचं वर्णन करत नाही, प्रसंग चालवतं. कुठल्या विधीनंतर कुठला, तेल आधी की हळद आधी, कुणाचा हात पहिला लागणार, हा सगळा क्रम त्या बाईच्या गळ्यात साठवलेला असतो. जुनी माणसं सांगतात की पूर्वी लग्न लावायला भटजी नसे, धवलारीणच लग्न लावी. पालघरच्या वारली पाड्यांत हे अजून पाहता येतं. तिथे तिला धवलेरी म्हणतात. सुवासिनी भिंतीवर पालघाट देवीचा चौक लिहितात आणि धवलेरीच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. आता कर्नाळ्याच्या बाजूला भटजी आहेत, मंगलाष्टकं आहेत, हॉल आहेत, व्हिडिओवाले आहेत. तरी हळदीच्या दिवशी घरच्या बायका धवलारीणीकडे बघूनच हात पुढे करतात.

या गाण्याला वय किती? तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातल्या प्रबंधांत ओवी आहे आणि धवलही आहे. त्याच शतकात ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला आणि महदंबेनं धवळे गायले, कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो, अभ्यासक्रमात तिचे धवळे नेमतो आणि त्यातलं काव्य शोधतो. ते आहेच. पण तिनंही ते एकांतात बसून रचले नव्हते. समोर लग्न उभं होतं आणि लग्नाला धवळे लागतात, म्हणून ते झाले. साडेसातशे वर्षांनंतर पनवेलच्या मांडवात तीच गरज तशीच्या तशी उभी असते, आणि ती भागवणाऱ्या बाईला महदंबेचं नाव माहीत असण्याचं कारण नसतं.

धवला एवढा बारकाईनं ऐकायला मला शिकवलं ते एका परक्या गाण्यानं. गाणं पोलंडचं. पोलिश लोकगीतांच्या वाटेला मी गेले त्याचं कारण कोल्हापूर, पण त्याकडे नंतर येते; आधी गाणं.

पोलंडच्या जुन्या खेड्यांतल्या लग्नातही अशीच एक रात्र असे. चर्चमधलं लग्न उरकलेलं असतं, जेवणं होत असतात, फिडलवर नाच चाललेला असतो. मध्यरात्रीच्या सुमारास लग्न झालेल्या बायका नवरीला त्या नाचातून ओढून बाजूला काढतात. कणीक मळायची लाकडी काथवट उपडी घालतात आणि तिच्यावर तिला बसवतात. डोक्यावरचा हिरव्या पाल्याचा, फुलांचा मुकुट उतरवतात. तो कुमारिकेचा. मग वेणी सोडतात. कुठे कुठे केस कापूनही टाकत. नवरीनं रडावं, टोपी झिडकारावी, अशी अपेक्षाच असे. शेवटी मानाची बाई तिच्या डोक्यावर विवाहितेची टोपी बांधते आणि त्यानंतर उघड्या केसांनी ती चारचौघांत दिसत नाही. या सगळ्या प्रकाराला ओचेपीनी म्हणतात.

हे चाललेलं असताना बायका जे गाणं म्हणतात ते हॉप्सच्या वेलीवरचं आहे. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी ती वेल. कुंपणाला किंवा उंच काठीला धरून ती चढते. पोलिश लग्नगीतांतल्या सर्वांत जुन्या गाण्यांत याची गणना होते आणि वेगवेगळ्या प्रांतांत त्याची वेगवेगळी रूपं मिळतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्याचा अर्थ माहीत नव्हता आणि सुरांवरून मी ते एखादं भजन समजून ऐकत होते. अर्थ कळल्यावर जरा चकायला झालं. एका मुलीचे केस सोडले जात आहेत, ती रडते आहे, आणि भोवतालच्या बायका तिच्याशी न बोलता एका वेलीशी बोलताहेत. तेसुद्धा कौतुकानं नव्हे. त्या तिला जाब विचारताहेत. तू अशी काठीवर चढत गेलीस म्हणून तर पोरींवर ही पाळी आली, अशा थाटाचा आरोप.

अभ्यासकांनी याची उकल केलेली आहे. हॉप्स म्हणजे बिअर, बिअर म्हणजे मेजवानी, चढणारी वेल म्हणजे सुफलता. काठी आणि वेल यांतला सूचक अर्थ तर कुणाला सांगायलाही नको. ते सगळं बरोबरच असेल. पण मला त्या गाण्यातली शहाणीव वेगळ्या ठिकाणी दिसते. वेणी सोडणारे हात कुणाचे आहेत? गाणाऱ्यांचेच. याच बायकांना कधीतरी याच काथवटीवर बसवलं होतं, तेव्हा त्याही रडल्या होत्या, आणि आज त्या हे दुसरीला करताहेत. हातांनी काम चालू ठेवायचं आणि तोंडानं त्याचा दोष एका झाडावर टाकायचा, ही सोय गाण्यानं करून दिलेली आहे. नवऱ्या मुलावर आरोप नाही, बापावर नाही, पाद्र्यावर नाही. घरादारातल्या एकाही माणसाचं नाव न घेता, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणता येतं की हे जे होतंय ते काही फार चांगलं होत नाहीये. आणि तरी टोपी बांधली जाते. सांत्वन आणि सक्ती एकाच श्वासात मावणारी अशी गाणी मी थोडी ऐकली आहेत.

आता हे धवल्याशेजारी ठेवून पाहावं. दोन्ही गाणी एखाद्या वनस्पतीला मध्ये घेतात, इथे हळद, तिथे हॉप्स. दोन्ही बायकांची, वयस्क बायकांची. दोन्हींवर लग्नाचा खरा कारभार अवलंबून. पण ओचेपीनीत सगळं काढून घेतलं जातं: मुकुट, वेणी, कुमारपण, नाचातली जागा. म्हणून तिथलं गाणं सोडणं, उतरवणं, चढणं अशा क्रियापदांवर उभं आहे. हळदीत सगळं गोळा होत जातं: देव येतात, पितरांना आवतण जातं, मामा येतो, मावशी येते, तेल येतं, तांदूळ येतात. म्हणून धवला नावांवर उभा आहे. हळद तिथे पाहुणी म्हणून बोलावली जाते. तिच्यावर आळ घ्यायचं काही कारण नसतं.

मग आपल्याकडच्या मुलीचं रडणं कुठे गेलं? पाठवणीला रडतात ते आहेच, पण खरं दुःख बायकांनी दुसऱ्या गाण्यासाठी राखून ठेवलं, असं मला वाटतं. ते ओवीत गेलं. हळदीच्या दिवशी नाही, पुढे दहा-वीस वर्षं, पहाटे, जात्यावर, ऐकायला कुणी नसताना. माहेर, भाऊ, सासरचा जाच, दूर दिलेली लेक, सगळं तिथे. पोलिश बायकांनी जे एका मध्यरात्रीत चारचौघांसमोर उरकलं, ते मराठी बायकांनी आयुष्यभराच्या पहाटांवर पसरून दिलं. हे माझं वाचन आहे. कुणी पुराव्यानिशी खोडून काढलं तर मला आनंदच होईल, कारण त्यासाठी त्याला दोन्हीकडची गाणी बसून ऐकावी लागतील.

त्या उपड्या काथवटीनं मात्र मला बराच वेळ अडवून धरलं. नवरीला बसवायला पाट नाही, खुर्ची नाही, कणीक मळायचं भांडं का? मग आठवलं की आपणही नवरीच्या घरी जात्याला सूत बांधतो, आंब्याची पानं लावतो आणि सुवासिनींकडून हळकुंडं दळून घेतो. मुसळं सजवून घाणा भरतो. ज्या अवजाराशी पुढचं सगळं आयुष्य झिजवायचं, त्याची अशी थाटामाटात ओळख करून द्यायची रीत दोन्ही मुलखांत निघाली, एकमेकांचं तोंडही न पाहता. दोन्हीकडे हे कुणी शब्दांत सांगत नाही. बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ सांगतो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. तेव्हा घाणा भरण्याचं मुसळ ही जागा अशी आहे, जिथे मंगल गाणं आणि कष्टाचं गाणं एकमेकांना चिकटून बसलेली असतात. लग्नाच्या दिवशी फक्त मंगल वरच्या अंगाला असतं.

आवाजाबद्दल थोडं. पोलिश खेड्यातल्या बायका ज्या गळ्यानं गातात त्याला तिकडे ‘पांढरा आवाज’ असं म्हणतात: उघडा, सरळ, कंप नसलेला, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. ऑपेराच्या कानांना तो ओरडा वाटतो. आपल्याकडे ज्यांनी लावणीखेरीज बाईचा उघडा आवाज ऐकलेला नाही त्यांना धवलारीणही बेसूर वाटते. ती बेसूर नसते. ती सूर लावून दाखवत नाही, एवढंच. धवल्याला ढोलकीची साथ नसते, ठेका श्वासाच्या लांबीवर ठरतो. पोलिश नाचगाण्यांत, माझुर्का, कुयाव्याक, ओबेरेकमध्ये, तीन मात्रांचा ठेका असतो, पण वजन पहिल्या मात्रेवर बसेल याची खात्री नसते; ते दुसरीवर किंवा तिसरीवर घसरतं, आणि दादऱ्याला सरावलेलं आपलं बोट मांडीवर आपटायचं राहून जातं. दक्षिणेच्या तात्रा डोंगरांतली मंडळी तर गाताना मध्यम चढा लावतात. यमनवर वाढलेल्या मराठी कानाला ते डोंगर एकदम ओळखीचे वाटू लागतात; पुढे कधी कधी निषाद कोमल लागतो आणि ओळख पुन्हा मोडते. संगीतकार कारोल शिमानोव्स्की त्या डोंगरातल्या झाकोपाने गावी येऊन राहिला तो याच सुरांपायी.

पोलिश गाण्यांचं नशीब एका बाबतीत आपल्याहून थोर. त्यांना ओस्कार कोल्बेर्ग भेटला. 1814 साली जन्मलेला हा माणूस वार्सात शोपॅनच्या कुटुंबाच्या शेजारात वाढला. संगीत शिकला, पोटासाठी हिशेबनिशी केली आणि गावोगाव हिंडून गाणी उतरवली. सुरुवातीला त्यानं लोकगीतांना पियानोची साथ लिहून ती छापली. पॅरिसमध्ये बसलेल्या शोपॅनला तो प्रकार रुचला नाही. घरच्यांना लिहिलेल्या पत्रात त्यानं ते बोलून दाखवलं. कोल्बेर्गनं पुढे पियानो टाकून दिला. 1857 च्या संग्रहात त्यानं नुसती चाल छापली, आणि एकाच गाण्याची गावोगावचे निरनिराळे पाठ शेजारी शेजारी लावले. यातलं अस्सल कुठलं, हा निवाडा केला नाही. मग गाण्यांवरही न थांबता तो प्रांतवार सगळंच लिहू लागला: घरं, कपडे, सण, लग्नाचे विधी, म्हणी, भुताखेतांच्या गोष्टी. ओचेपीनीत कुठल्या टप्प्याला कुठलं गाणं, हे आज सांगता येतं ते बरंचसं त्याच्यामुळे. 1890 मध्ये तो गेला तेव्हा त्याचं काम अर्धवटच होतं. हस्तलिखितांतून खंड निघणं विसाव्या शतकातही चालू राहिलं.

शोपॅननं स्वतः वेगळं केलं. 1830 मध्ये वार्सा सोडल्यावर तो परत गेला नाही, आणि आपल्या पन्नासांहून अधिक माझुर्कांपैकी बहुतेक त्यानं परदेशात बसून लिहिल्या, ज्यांवर कुणाला नाचता येणार नाही. गावातला नाच त्यानं एका माणसाच्या आठवणीत बंद करून टाकला. तिसरी वाट सरकारी. 1948 साली वार्साजवळ कारोलिन इथे ‘माझोव्शे’ हे लोककला पथक निघालं. शेकडो वेशभूषा, वाद्यवृंद, जगभर दौरे. त्याची कवायत थक्क करणारी आहे आणि मुलींचे गळे फार गोड आहेत. मला ते पाहताना मात्र सारखं वाटत राहतं की इथली वेणी सुटली तरी उद्याच्या प्रयोगाला पुन्हा घातली जाणार आहे. हॉप्सवर आरोप करणाऱ्या बाईच्या हातात प्रत्यक्ष केस असले पाहिजेत, त्याशिवाय तो आरोप नुसता गोड होऊन बसतो.

आता कोल्हापूर. 10 फेब्रुवारी 1940 रोजी पूर्व पोलंडमधल्या, म्हणजे आदल्या सप्टेंबरात सोव्हिएत फौजांनी व्यापलेल्या भागातल्या, कुटुंबांना गाड्यांत कोंबून सैबेरियाकडे नेण्यात आलं. 1941 च्या उन्हाळ्यापर्यंत अशा आणखी पाठवण्या झाल्या. जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर करार झाला, सुटका झाली, आणि उपाशी, तापानं फणफणलेली ही माणसं इराणमार्गे बाहेर पडली. काही मुलं जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला ठेवून घेतली. पाचगणीलाही काही जण हवापालटासाठी राहिले. सर्वांत मोठी वस्ती झाली ती कोल्हापूरजवळ वळिवड्याला, 1943 पासून. सुमारे 5000 माणसं, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. बराकी, चर्च, शाळा, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, बालवीरांची पथकं. त्या काळच्या छायाचित्रांत उसाच्या मुलखातल्या उन्हात पोलिश लोकवेश घातलेल्या मुली रांगेनं उभ्या दिसतात.

या मुलींचा मी बराच विचार करते. त्यांतल्या कित्येक घर सुटलं तेव्हा पाच-सहा वर्षांच्या होत्या. गावातलं लग्न त्यांनी धड पाहिलेलं नसणार. त्यांना ही गाणी शाळेत, पाढ्यांसारखी शिकवली गेली. शिकवणाऱ्या बायांना माहीत होतं की गाणं कशासाठी असतं, कुठल्या काथवटीवर बसवून म्हणतात. पण ते गाव हातचं गेलेलं. आणि युद्ध संपल्यावर तर नकाशाच बदलला: 1945 मध्ये त्यांचा पूर्वेचा मुलूख सोव्हिएत रशियाकडेच राहिला. परत जायचं म्हणजे कुठे? काही नव्या पोलंडमध्ये गेले; इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इकडे बरेच पांगले. 1948 पर्यंत वळिवडं रिकामं झालं. लोकगीताला जगायला गाव लागतं असं आपण म्हणतो. वळिवड्यात उलटा व्यवहार झाला. गाव नव्हतंच, आणि गाण्यालाच पाच वर्षं गावाचं काम करावं लागलं. ‘माझोव्शे’च्या वेशांबद्दल मी वर कुरकुर केली. वळिवड्याच्या छायाचित्रातल्या वेशांबद्दल ती कुरकुर माझ्या तोंडून निघत नाही. वेश तसाच, पण तो शिवताना कुणाला दौऱ्याची बिदागी मिळणार नव्हती.

त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते. सिंधी लग्नगीतांना लाडा म्हणतात. म्हणजे थोड्याच वर्षांच्या अंतरानं त्याच छपरांखाली दोन देशोधडीला लागलेल्या समाजांच्या बायका आपापली लग्नाची गाणी आठवत बसल्या असतील. कोल्हापुरातल्या कुणी अभ्यासकानं यावर लिहायला हवं.

पनवेलच्या आगऱ्यांना कुणी गाडीत घालून नेलं नाही. गाव होतं तिथेच राहिलं, जमीन तेवढी गेली. 1970 पासून सिडकोनं नवी मुंबईसाठी ठाणे-रायगडमधल्या 95 गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन पेटलं आणि गोळीबारात 5 शेतकरी गेले. नंतर विमानतळासाठी गावंच्या गावं उठली. कर्नाळ्यापलीकडे भाताची खाचरं अजून आहेत, पण दर पावसाळ्यानंतर कमी दिसतात. अशा ठिकाणी शेतीचं गाणं आधी जातं. लावणीच नाही तर लावणीचं गाणं कशाला. धवला टिकला, कारण त्याला शेत लागत नाही, मांडव लागतो, आणि नुकसानभरपाईच्या पैशानं मांडव उलट मोठा झाला. एवढा मोठा की कोपऱ्यात बसलेल्या बाईचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचेना. मग तिच्यापुढे माइक आला. माइक आल्यावर सगळ्यांना ऐकू येऊ लागलं, आणि सगळ्यांना ऐकू येतंय म्हटल्यावर कुणी ऐकेनासं झालं. जवळच्या चार-सहा जणी पूर्वी ओळ झेलत. आता त्यांना झेलायला सवड मिळत नाही, स्पीकर आधीच पुढे गेलेला असतो. धवल्याला धोका डीजेपेक्षा या माइकचा जास्त आहे असं माझं मत आहे. डीजे निदान आपल्या वेळेला येतो.

कर्नाळ्याला माणसं कान घेऊन येतात ती पक्ष्यांसाठी. 1968 साली हे अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं पक्षी अभयारण्य. पावसाळ्याच्या तोंडाशी तिबोट्या खंड्या इथे घरटं करायला येतो तेव्हा भल्या पहाटे कॅमेरे आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन शहरातली मंडळी ओढ्याकाठी दबा धरून बसतात. उत्तम करतात. त्यांतल्या दोघा-चौघांनी परतीच्या वाटेवर एखाद्या मांडवात यंत्र सुरू ठेवून बसायला हरकत नसावी. जात्यावरच्या ओव्यांना हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ भेटले. लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या प्रकल्पात गोळा झाल्या आणि त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट नोंदल्या गेल्या. धवल्यासाठी ओळी उतरवून भागणार नाही. कुठल्या ओळीला कोण उठलं, किती वेळ वाट पाहिली, कुणाचा हात लागल्यावर पुढचं नाव घेतलं, हेही लिहावं लागेल. वहीच्या एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला मांडव.

पोलंडमध्ये ओचेपीनी अजून होते. हॉलमधल्या लग्नातही मध्यरात्री बँडवाला किंवा डीजे ती जाहीर करतो, खेळ होतात, हसणं-खिदळणं होतं. काथवट नसते, टोपीही बहुधा नसते. हॉप्सचं गाणं ऐकायचं तर जुनं संगीत पुन्हा शिकणाऱ्या मंडळींकडे जावं लागतं. वार्सात 2010 पासून ‘जगातल्या सगळ्या माझुर्का’ नावाचा त्यांचा एक महोत्सवच भरतो, आणि तिथे शहरातली तरुण मुलं खेड्यातल्या म्हाताऱ्या वादकांच्या पायाशी बसून तो घसरता ठेका शिकतात. लग्नातल्या ओचेपीनीत आता नवरी डोक्यावरची जाळीदार ओढणी काढते आणि पाठमोरी उभी राहून लग्न न झालेल्या मैत्रिणींकडे भिरकावते. केसांना दुसऱ्या कुणाचे हात लागत नाहीत, त्यामुळे वेलीवर आळ घ्यायची वेळही कुणावर येत नाही. ते गाणं मला अतिशय आवडतं, आणि त्या मुलीला ते लागत नाही हेही मला आवडतं.